टायर पुन्हा पुन्हा घासतोय? रुंद रिम आणि कॉइलओव्हर बसवलेल्या गाडीत मूळ कारण कसं शोधायचं

खड्डा आला की पुढच्या डाव्या चाकातून खर्रकन आवाज. फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कड आत वळवून घेतली, तीन आठवडे शांतता, मग परत तोच आवाज. पुन्हा वळवली, या वेळी रंगाला तडा गेला. मग कुणीतरी सांगितलं स्प्रिंग कडक कर, ती केली. गाडी उडायला लागली, पण टायर घासायचा काही थांबला नाही. माझ्या टोयोटा ८६ सोबत मी असे आठ महिने काढले. ज्यांनी कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला, उंची बदलता येणारा संच) लावून गाडी खाली घेतली आहे आणि रुंद रिम घातल्या आहेत, त्यांतले बरेच जण याच चक्रातून जातात, म्हणून जे शिकलो ते नीट मांडतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. टायर नेमका कुठे आणि शॉक किती दाबला गेल्यावर टेकतो हे मोजल्याशिवाय काहीही कापायचं नाही, वळवायचं नाही आणि नवीन विकतही घ्यायचं नाही. दुखणं परत येतं त्याचं कारण हेच. आपण आवाजाच्या जागी हात घालतो. तिथला अडथळा दूर होतो आणि टायर आणखी थोडा वर जाऊन पुढच्या अडथळ्याला भिडतो. टायरला वर जाण्यापासून कोण अडवतंय, हा खरा प्रश्न. अडवणारं कोणीच नसेल तर शेवटी गाडीचा पत्राच त्याला अडवतो.

आवाज कधी येतो ते लिहून ठेवा

दोन-तीन दिवस गाडी चालवताना फक्त ऐका. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज येत असेल तर टायरचा आतला खांदा किंवा मागची बाजू लायनरला, म्हणजे चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, लागतेय. स्टिअरिंग सरळ असताना, उंचवट्यावर किंवा खड्ड्यात येत असेल तर टायर वर, कमानीच्या छताला भिडतोय. लांब वळणावर गाडी एका बाजूला कलली की येत असेल तर फेंडरची बाहेरची कड. मागे माणसं बसल्यावरच येत असेल तर मागची कमान. जोरात ब्रेक दाबल्यावर नाक खाली जातं तेव्हा येत असेल, तर बंपर आणि फेंडर जिथे मिळतात तिथला तो छोटा टॅब आणि त्याचा स्क्रू आधी बघा. त्या स्क्रूच्या टोकाने चांगला टायर खरवडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

टायर घासल्यासारखा वाटणारा प्रत्येक आवाज टायरचा नसतो, हेही लक्षात असू द्या. गाडी खाली आली की अँटी-रोल बारचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. त्याला जोडणाऱ्या ड्रॉप लिंक जुन्याच लांबीच्या राहिल्या, तर बार कधी टाय रॉडला (स्टिअरिंगच्या दांड्याला), कधी कंट्रोल आर्मला (चाक गाडीला जोडणाऱ्या भुजेला) आपटतो. तो आवाज ‘खर्र’ नसतो, ‘ठक’ असतो. कॉइलओव्हरच्या वरच्या धातूच्या माउंटमध्ये ढिलाई असली तरी हळू वेगात असाच ठक ठक येतो. कान थोडा सरावला की हा फरक कळतो.

कागदावरचं गणित आधी

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धा उलगडा इथेच होतो. रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकते तो पृष्ठभाग, यांतलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर ते ईटी म्हणून कोरलेलं असतं. ईटी कमी झाला की चाक बाहेर सरकतं, वाढला की आत.

माझ्या गाडीची मूळ रिम १७ बाय ७ इंच, ईटी ४८. मी घातली १८ बाय साडेनऊ, ईटी ४०. रुंदी अडीच इंच वाढली, म्हणजे ६३.५ मिमी, त्यातली निम्मी, जवळपास ३२ मिमी, प्रत्येक बाजूला. ऑफसेट ८ मिमीने कमी झाला, म्हणजे सगळं चाक तेवढं बाहेर सरकलं. हिशेब असा झाला की रिमची बाहेरची कड ४० मिमी बाहेर गेली आणि आतली कड २४ मिमी आत, शॉकच्या दिशेने. ‘८ मिमीच तर फरक आहे’ असं मी रिम घेताना म्हणालो होतो. रुंदीचा हिशेब धरलाच नव्हता.

टायरचं तसंच. मूळ २१५/४५ आर १७ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) चा व्यास ६२५ मिमी. मी घातलेला २४५/४० आर १८ भरतो ६५३ मिमी. व्यासात २८, म्हणजे त्रिज्येत १४ मिमीची वाढ. त्यात भर म्हणून गाडी मी ३० मिमी खाली घेतली होती. टायरचा माथा आणि कमान यांच्यातली जागा एकूण ४४ मिमीने कमी झाली, आणि मी मात्र ‘गाडी तीसच खाली आहे’ असं धरून चाललो होतो. शिवाय स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा सुमारे सव्वाचार टक्क्यांनी कमी वेग दाखवू लागला, ते वेगळंच.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका. टायर बदलला, हवा कमी-जास्त झाली की ते माप बदलतं. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा, चारही कोपऱ्यांत, गाडी सपाट जागी, टाकीत नेहमी असतं तेवढं पेट्रोल ठेवून. हे माप टायर कुठलाही असो, तेच राहतं. मी ते लायनरच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहून ठेवतो.

कॉइलओव्हर कोणत्या प्रकारचा आहे ते बघा

हा मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला, आणि माझ्या गाडीचा आजार नेमका इथेच होता. उंची बदलण्याच्या दोन तऱ्हा असतात. काही संचांत स्प्रिंगखालची ताटली वर-खाली फिरवून उंची बदलतात. ताटली खाली घेतली की शॉकचा दांडा आधीच थोडा आत गेलेला असतो, म्हणजे वरच्या दिशेला उरलेली चाल कमी होते. अशा गाड्या खड्ड्यात लवकर बंप स्टॉपवर (शॉकची चाल अडवणाऱ्या फोमच्या तुकड्यावर) बसतात, चालायला कठोर होतात, पण टायर मूळ गाडीत जिथवर वर जाई तिथवरच जातो.

दुसऱ्या तऱ्हेत, माझ्या संचासारख्या, शॉकचा खालचा कंस वेगळा असतो. तो शॉकच्या नळकांड्यावर वर चढवून गाडी खाली घेतात. शॉकची चाल पूर्ण शाबूत राहते आणि विकणारे हे मोठ्या कौतुकाने सांगतात. त्यात खोटं काही नाही. पण विचार करा: शॉकला आत जायला पूर्वीएवढीच जागा आहे आणि गाडी ३० मिमी खाली आहे. मग पूर्ण दाबल्यावर चाक मूळ गाडीपेक्षा ३० मिमी जास्त वर जाणार. गाडी बनवणाऱ्याने कमानीत तेवढी जागा ठेवलेलीच नव्हती. गाडी उभी असताना बोटं सहज जातील एवढी फट दिसते, फोटोत सगळं झकास, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर पत्र्याला जाऊन धडकतो. फेंडर किती वेळा वळवला तरी हे थांबत नाही, कारण शॉक टायरला आणखी वर जाऊ देतच राहतो.

मोजायची पद्धत

सामान साधं आहे. एक केबल टाय, खडू, मुलं खेळतात ती मऊ माती, पट्टी, जॅक आणि चांगले जॅक स्टँड. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. स्टँडवर बसवून एकदा हाताने हलवून बघायची, मगच काम.

पहिली चाचणी रस्त्यावरची. शॉकच्या उघड्या दांड्याला केबल टाय घट्ट गुंडाळा, इतका की बोटाने ढकलल्यावर सरकेल पण आपोआप घसरणार नाही. गाडी चाकांवर उभी असताना तो नळकांड्याच्या तोंडाशी नेऊन ठेवा. टायरच्या दोन्ही खांद्यांवर आणि माथ्यावर खडूचे जाड पट्टे ओढा. मग नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या खड्ड्यांतून जाऊन या. परत आल्यावर केबल टाय किती वर ढकलला गेला ते मोजा. तेवढा शॉक प्रत्यक्षात दाबला गेला. खडू जिथला पुसला तिथे टायर घासला, आणि लायनरवर जिथे पांढरं उमटलं तिथे समोरचा अडथळा. माझा टाय ५८ मिमी सरकला होता. पांढरा डाग लायनरच्या छताला, थोडा बाहेरच्या बाजूला होता. जी कड मी दोनदा वळवून घेतली होती तिच्यावर खडूचा कणही नव्हता. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दुसरी चाचणी गॅरेजमधली. शॉक उतरवा, स्प्रिंग काढा, बंप स्टॉपही काढा आणि नुसता शॉक परत बसवा. मूळ कारखान्याच्या स्प्रिंगला हात लावायचा असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर हवाच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. लायनरच्या आत माती पेढ्याएवढ्या गोळ्यांनी लावा: छताला, बाहेरच्या कडेला, पुढच्या टॅबजवळ, आणि आत शॉकच्या नळकांड्यावर टायरसमोर. चाक चढवा, कंट्रोल आर्मखाली जॅक लावा आणि चाक हळूहळू वर न्या. आधी सरळ, मग स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे. पहिला स्पर्श कुठे होतो आणि त्या क्षणी शॉक किती आत गेला आहे, हे लिहून घ्या.

माझ्याकडे गाडी उभी असतानाच्या स्थितीपासून ४५ मिमीवर स्पर्श झाला. रस्त्यावर शॉक जात होता ५८ पर्यंत. म्हणजे प्रत्येक मोठ्या खड्ड्यात टायर १३ मिमी लायनरमध्ये, मग त्यामागच्या पत्र्यात घुसायला बघत होता. आठ महिन्यांचं उत्तर या दोन आकड्यांत होतं.

मग करायचं काय

माझ्या मते आधी टायरचा आकार बरोबर करावा. त्याच रिमवर २४५/३५ आर १८ बसतो आणि त्याचा व्यास ६२९ मिमी, मूळच्या अगदी जवळ. त्रिज्येत १२ मिमी जागा परत मिळाली, स्पीडोमीटरही ताळ्यावर आला. एकाच रुंदीच्या दोन कंपन्यांच्या टायरांचे खांदेही सारखे नसतात. एकाचा चौकोनी, एकाचा गोलसर. जागा अगदीच तंग असेल तर गोलसर खांद्याचा घ्या.

त्यानंतर बंप स्टॉप. शॉकच्या दांड्यावर बसणारा तो फोमचा दट्ट्या टायर पत्र्याला टेकण्याआधी भार घेण्यासाठीच असतो. तो जास्त लांबीचा घालता येतो किंवा त्याच्यावर प्लास्टिकच्या चकत्या घालून तो आधी भिडेल असं करता येतं. मी १० मिमीच्या चकत्या घातल्या. एक बारकावा सांगतो, फोम दाबला गेला की निम्म्याहून लहान होतो, त्यामुळे तो भिडला म्हणजे चाल संपली असं नाही. हिशेब तो पूर्ण दाबल्यानंतरच्या जागेवरून धरायचा. दुसरं म्हणजे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक थेट चाकाच्या आधाराला जोडलेला) असेल तर चाक आणि शॉक जवळपास सारखेच हलतात, पण मागे विशबोन (शॉक भुजेला मधेच जोडलेला) असतील तर चाक जास्त हलतं आणि शॉक कमी. तिथे शॉकवरचा एक मिलिमीटर चाकाशी त्याहून जास्त असतो. आपल्या गाडीत किती ते वरच्या चाचणीत मोजून काढा.

बंप स्टॉप काढून टाकायचा किंवा कापायचा सल्ला सर्रास मिळतो. ‘जास्त चाल मिळते’ म्हणतात. कृपा करून ऐकू नका. तो नसला की धातूवर धातू बसतो आणि शॉकच्या आतलं वाटोळं होतं.

कॅम्बरने, म्हणजे चाकाचा माथा आत कलवून, बाहेरची जागा मिळते. एक अंश आत कलवला की या आकाराच्या टायरचा माथा चाकाच्या मध्याच्या तुलनेत सुमारे साडेपाच मिमी आत येतो. पण तो कुठून मिळवता याला महत्त्व आहे. शॉकच्या माथ्यावरच्या, सरकवता येणाऱ्या कॅम्बर प्लेटने स्ट्रट आणि चाक दोन्ही एकत्र कलतात, आतली फट तशीच राहते. खाली स्ट्रट आणि चाकाच्या जोडातल्या कॅम्बर बोल्टने फक्त चाक कलतं, त्यामुळे टायरचा वरचा भाग शॉकच्या जवळ येतो. माझ्यासारखी आतली कड आधीच २४ मिमी आत गेली असेल तर बोल्टचा मार्ग महागात पडतो. आतल्या बाजूला चार-पाच मिमीपेक्षा कमी फट मी ठेवत नाही. वळणावर भार आला की रबर लवतं, बुशही (सांध्यांतले रबरी तुकडे) थोडे देतात. शॉकच्या नळकांड्यावर एका रेषेत चकाकी दिसली तर टायर तिथे लागतोय हे नक्की समजा आणि गाडी तशी चालवू नका. आतून कापला गेलेला टायर बाहेरून दिसत नाही आणि वेगात फुटतो.

हे सगळं झाल्यावरही बाहेरची कड लागतच असेल तर मग फेंडर वळवा, त्याआधी नाही. पत्रा हीट गनने सावकाश गरम करत, एकाच फेरीत न वळवता चार-पाच फेऱ्यांत. गार पत्र्यावर जोर लावला की रंग तडकतो आणि तडा गेलेल्या रेषेतून गंज धरतो. मागच्या फेंडरमध्ये आतला आणि बाहेरचा पत्रा कडेला जोडलेले असतात. ती कड कापून टाकली की जोड उघडा पडतो आणि पाणी आत शिरतं. त्यावर रुंद फ्लेअर (कमान बाहेर वाढवणारी पट्टी) लावले की हे झाकलं जातं आणि आत गंज वाढत राहतो. फ्लेअर लावायचेच असतील तर कापलेला जोड आधी वेल्ड आणि सील करून घ्या.

वेगात, सरळ रस्त्यावर आवाज आला तर

पुढचं दुखणं मिटलं आणि पंधरा दिवसांनी नवीन आवाज. खड्डा नाही, वळण नाही, ९० च्या पुढे गेलं की भुर्रर्र, वेग कमी केला की बंद. मला वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा खडू लावला तर पट्टा टायरच्या पुढच्या अंगाने, मधोमध पुसलेला.

कारण निघालं पुढचा फायबरचा बंपर. ज्या गॅरेजने तो बसवला, त्यांनी लायनरच्या खालच्या क्लिपा लावल्याच नव्हत्या, कारण नव्या बंपरला तिथे भोकंच नव्हती. लायनर वरून घट्ट आणि खालून मोकळा. वेगात हवा आत शिरून तो शिडासारखा फुगायचा आणि टायरला टेकायचा. गाडी थांबली की जाग्यावर. दोन ‘एल’ पट्ट्या, चार रिव्हेट, अर्ध्या तासात काम संपलं. दिखाऊ पार्ट बसवल्यावर लायनर, अंडरट्रे (गाडीखालचं झाकण) आणि ब्रेकला हवा नेणारी नळी यांचे टेकू पूर्वीइतकेच आहेत का, हे हाताने ओढून बघायचं. स्प्लिटरही (बंपरखालची पुढे आलेली पट्टी) मध्यभागी पाय देऊन दाबून बघा. तो लवत असेल तर वेगात टोकं टायरकडे वळतात.

थरथर वेगळी, तिचा उपायही वेगळा

स्टिअरिंग ९० ते ११० च्या दरम्यान थरथरत असेल आणि तीनदा बॅलन्सिंग करूनही जात नसेल तर रिम काढा आणि मधलं भोक मोजा. बाजारातल्या बऱ्याच रिमचं ते ७३.१ मिमी असतं, जेणेकरून एकच रिम अनेक गाड्यांना बसावी. माझ्या ८६ चा हब ५६.१ मिमीचा आहे. मधली पोकळी भरणारी हब रिंग नसेल तर रिम केवळ नटांच्या आधारावर मध्यात येते आणि थोडी जरी सरकून कसली गेली तरी थरथर सुरू. बॅलन्सिंग मशीनवर तीच रिम शंकूवर अचूक मध्यात बसते, म्हणून मशीन शून्य दाखवतं आणि गाडी हलतच राहते. नट चाक हवेत असताना ताऱ्याच्या क्रमाने हाताने बसवा, मग गाडी खाली घेऊन टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर रिम नाही, डिस्क बघा.

अलाइनमेंटआधी एक काम

कंट्रोल आर्मचे बोल्ट गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत असताना घट्ट केले तर रबरी बुश त्याच स्थितीत धरले जातात आणि गाडी खाली उतरवताच पिळले जातात. गाडी एखाद सेंटिमीटर उंच बसते, काही दिवसांनी बुश सैल पडतात, उंची उतरते आणि टायर पुन्हा घासतो. ‘सगळं करून महिन्याने परत सुरू झालं’ म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं. बोल्ट ढिले करा, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करा, दोनदा-तीनदा दाबून हलवा आणि तिथेच कसा.

अलाइनमेंट त्यानंतर. टायर आतून खाल्ला जात असेल तर लोक कॅम्बरला दोष देतात. माझ्या अनुभवात टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) जास्त खातो. टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकला आहे. उंची १० मिमीने जरी बदलली तरी टो बदलतो, म्हणून उंची आधी पक्की, अलाइनमेंट नंतर.

मी गाडी ५०० किलोमीटर चालवून चारही कोपरे पुन्हा मोजले. पुढे दोन्ही बाजूंना ३ मिमी बसली होती, मागे १. नव्या स्प्रिंगचं एवढं होतं. केबल टाय अजून शॉकवर आहे. मागच्या आठवड्यात मागे दोन माणसं बसवून, त्याच खड्ड्यांच्या रस्त्याने जाऊन पाहिला: ३९ मिमी. खडू दोन्ही खांद्यांवर जसाच्या तसा.